'हे पान उपयोगी पडलं का?': आठ महिन्यांच्या वापरानंतर

पायथनमध्ये लिहिलेल्या एका छोट्या ओपन सोर्स कमांड-लाइन टूलचं डॉक्युमेंटेशन मी सांभाळते. साइट मटेरियल फॉर एमकेडॉक्सवर, म्हणजे डॉक्युमेंटेशनच्या साइट बनवायच्या एका तयार साधनावर आहे. पानाच्या तळाशी 'हे पान उपयोगी पडलं का?' असं विचारून हो-नाहीची दोन बटणं दाखवायची सोय त्यात तयार मिळते. कॉन्फिगरेशनमध्ये काही ओळी लिहिल्या की झालं. आठ महिन्यांपूर्वी ती सुरू केली तेव्हा वाटलं होतं, कोणतं पान दुरुस्त करायचं ते आता आकडेच सांगतील.

आकड्यांनी फार कमी सांगितलं.

सुरुवातीला मतं गूगल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटचा वापर मोजणाऱ्या गूगलच्या सेवेत जात होती. तिथे बटणाच्या उत्तराची वेगळी नोंद करून ठेवावी लागते आणि नोंद केल्यानंतरचंच रिपोर्टमध्ये दिसतं. मी ती उशिरा केली, त्यामुळे पहिले काही आठवडे हातचे गेले. शिवाय आमचे बरेच वाचक ब्राउझरमध्ये ॲडब्लॉकर वापरणारे. ॲडब्लॉकर अशी मोजणीही अडवतो, म्हणून त्यांची मतं पोचतच नाहीत. तेव्हा या मतांवरून टक्केवारी काढत बसू नका.

खरा धडा इन्स्टॉलेशनच्या पानाने दिला. तिथे 'नाही' साचत होते. आम्ही पान छोटं केलं, मग स्क्रीनशॉट घातले, तरी 'नाही' येतच राहिले. शेवटी 'नाही' दाबल्यावर एका फॉर्मची लिंक दाखवायला सुरुवात केली. त्यात पहिल्यांदा विचारलं, 'पान कसं सुधारता येईल?' कोणी काही लिहीना. साहजिकच आहे, ते आमचं काम, वाचकाचं नव्हे. मग प्रश्न बदलला: 'तुम्ही काय करायला आला होता आणि कुठे अडलात?' त्यानंतर वेगवेगळ्या लोकांनी एररची एकच ओळ पेस्ट केली: 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट'.

डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ या लिनक्स आवृत्त्यांपासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने (पायथनची पॅकेजेस बसवायच्या कमांडने) थेट पॅकेज टाकू दिलं जात नाही. पेप ६६८ या पायथनच्या प्रस्तावात ठरलेली ही पद्धत. आमच्या पानावरची पहिलीच कमांड मात्र थेट पिप इन्स्टॉलची होती. आम्ही सगळे कायम व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या पायथनमध्ये काम करणारे, म्हणून हा एरर आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता. आता पिपएक्सची कमांड (ती प्रत्येक टूल त्याच्या वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवते) सर्वात वर आहे, आणि एररची ओळ पानावर जशीच्या तशी दिली आहे, म्हणजे ती शोधणारा थेट तिथे पोचतो. फॉर्ममध्ये ही तक्रार पुन्हा आलेली नाही.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे साइटवरच्या शोधपेटीत लोक काय टाइप करतात ते. मध्यंतरी आम्ही स्वतःच्या सर्व्हरवर मॅटोमो हे साइटचा वापर मोजणारं सॉफ्टवेअर बसवलं. बटणं त्याला जोडायला थोडं जावास्क्रिप्ट लिहावं लागलं, पण ज्या शोधांना एकही निकाल मिळाला नाही त्यांची वेगळी यादी तिथे मिळते. निकाल किती आले तो आकडाही आपणच पाठवावा लागतो, तेवढं विसरू नका. या यादीत 'अनइन्स्टॉल' वारंवार दिसलं. आमच्याकडे त्याचं पान होतं, फक्त त्यावर सगळीकडे 'रिमूव्ह' लिहिलेलं. एक शब्द घातला आणि काम झालं. महिन्यातून एकदा ही यादी वाचायला अर्धा तासही लागत नाही, आणि एवढ्या वेळात इतकं देणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

'हे पान एडिट करा' ही लिंक आमच्याकडे आधीपासून आहे. गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या २०१७ च्या ओपन सोर्स सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांना अपूर्ण किंवा जुनं डॉक्युमेंटेशन ही अडचण दिसली होती, आणि ६० टक्के योगदानकर्ते म्हणाले होते की आपण डॉक्युमेंटेशनमध्ये क्वचितच किंवा कधीच भर घालत नाही. पूर्वी मी याला आळस समजत असे. आता तसं वाटत नाही. एडिटची लिंक ज्याला बरोबर उत्तर माहीत आहे त्याच्यासाठी असते. टायपो आणि तुटलेल्या लिंका तिच्यातून छान येतात. जो अडलेला आहे तो काय एडिट करणार? त्याच्यासाठी आम्ही शेजारी दुसरी लिंक दिली: ती दाबली की गिटहबवर नवा इश्यू (तक्रारीची नोंद) उघडतो आणि पानाचं नाव व आवृत्ती आधीच भरलेली असते. आवृत्ती फार महत्त्वाची. सर्च इंजिनमधून कित्येक वाचक जुन्या आवृत्तीच्या पानावर येऊन पडतात, आणि आम्ही नसलेली चूक शोधत बसायचो.

एक इशारा. फॉर्ममध्ये एकाने अख्खी कॉन्फिगरेशन फाइल पेस्ट केली, आतल्या टोकनसकट, म्हणजे पासवर्डसारख्या गुप्त किल्लीसकट. आम्ही ती नोंद लगेच पुसली. पण फॉर्म निनावी असल्यामुळे टोकन बदला असं त्या माणसाला कळवता आलं नाही, आणि ते मला अजून खुपतं. आता पेटीच्या वर ठळक सूचना आहे, आणि ईमेलची ऐच्छिक जागाही.

पुढच्या आवृत्तीत रेफरन्सच्या पानांवरून हो-नाहीची बटणं काढतो आहोत. तिथे लोक कमांडचा एखादा फ्लॅग (पर्याय) बघून निघून जातात, मत देत नाहीत. ट्युटोरियल आणि इन्स्टॉलेशनच्या पानांवर ती राहतील, पण 'हो' दाबलं तरी खाली तोच प्रश्न दिसेल: कुठे अडलात?