माळढोकाच्या माळावरची वीजवाहिनी: खांबांवरून न्यावी की जमिनीखालून?

माळढोक पक्ष्याच्या अधिवासातून वीजवाहिनी न्यायची असेल, तर ‘केबल गाडली की परवानग्यांची कटकट मिटते’ हा समज आधी बाजूला ठेवावा. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात वीजवाहिन्यांचा समावेशच नसल्याने तिच्याखालील पूर्वमंजुरी तारांना लागत नाही आणि केबललाही लागत नाही. प्रश्न जमिनीचा असतो: वनजमीन असेल तर 1980 चा वन कायदा आणि अभयारण्य असेल तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा दोन्ही पर्यायांना लागू होतो.

वनजमिनीत 220 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीसाठी साधारण 35 मीटर रुंदीचा पट्टा धरला जातो, तर केबलला अरुंद चर पुरतो. मात्र मनोरे फक्त पायापुरती जमीन खणतात आणि चर सलग खणावा लागतो. दाट जंगलात झाडे वाचतात म्हणून केबल उजवी ठरते. माळावर तोडायला झाडेच फारशी नसतात, आणि माळढोक तर उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. त्यामुळे विणीच्या हंगामात चर खणणे हेही नुकसानच आहे. तरीही ते एका हंगामापुरते असते आणि तारांचा धोका कायमचा. या जड पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, समोरची तार उशिरा दिसते आणि दिसल्यावर वळायला वेळ उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 19 एप्रिल 2021 रोजी राजस्थान-गुजरातमधील सुमारे 99,000 चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी भूमिगत वाहिन्यांचे व्यापक निर्देश दिले होते. 21 मार्च 2024 रोजी ते सरसकट निर्देश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. त्यामागचे तांत्रिक कारण समजण्यासारखे आहे. प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाची केबल लांबलचक धारित्रासारखी, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या कपॅसिटरसारखी वागते, आणि 400 केव्हीला काही डझन किलोमीटरांतच तिची बरीच क्षमता स्वतःला प्रभारित ठेवण्यात खर्ची पडते. टोकियोतील 500 केव्ही केबल सुमारे 40 किलोमीटर आहे, पण तो अपवाद. 33 केव्हीला ही अडचण फारशी जाणवत नाही.

खर्चात केबल कित्येक पट महाग असते, आणि दुरुस्तीत तर अंतर आणखी वाढते. तुटलेली तार गस्तीत नुसत्या डोळ्यांनी सापडते. केबलमधला दोष उपकरणांनी शोधून, खड्डा खणून, खराब तुकडा कापून दोन नवे जोड द्यावे लागतात. हे काम तंबूत चालते, कारण सोललेल्या इन्सुलेशनवर धुळीचा कण किंवा ओलावा राहिला तर तोच जोड पुन्हा जातो.

तारांवर पक्ष्यांना सावध करणारे डायव्हर्टर बसवणे स्वस्त असले, तरी त्यांनी धडका कमी होतात, थांबत नाहीत. शिवाय वाऱ्याने झिजून ते गळून पडतात.

म्हणून 33 केव्ही आणि त्याखालील वाहिनी अधिवासात गाडावी, 400 केव्हीचा मार्ग शक्य तेथे वळवावा. आणि वळवता येणार नसेल, तर डायव्हर्टरची नियमित तपासणी व बदली कंत्राटातच लिहून घ्यावी.