बसचालकाचे सात ब्रेक आणि माझा स्वस्त विमा : अकरा महिन्यांनंतर

गाडीच्या विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस गेल्या आठवड्यात आली. कंपनीच्या फोनमधल्या ॲपने नोंदवलेल्या माझ्या वर्षभराच्या चालवण्याचा जो गोषवारा तिच्यात दिला आहे, त्यात ‘जोराचे ब्रेक : ६१’ अशी एक ओळ आहे. हा आकडा चुकीचा आहे. तो ५४ असायला हवा, कारण त्यांतले सात ब्रेक मी लावलेलेच नाहीत. ते एका बसच्या चालकाने लावले होते आणि मी त्या बसमध्ये तिकीट काढून बसलो होतो. ही गोष्ट मी कंपनीच्या ग्राहकसेवेला सहा महिन्यांपूर्वी पटवून दिली होती, त्यांनी ती लेखी मान्य केली होती आणि ॲपमधला आकडा दुरुस्तही केला होता. तरीही नोटिशीत जुनाच आकडा छापून आला, चालवण्याबद्दल ॲप शंभरपैकी देते ते माझे गुण ७८ वर अडकले आणि ८० पासून सुरू होणारी सवलतीची पुढची पायरी दोन गुणांनी हुकली. नव्या चालकाने परवडणारा विमा कसा शोधावा, यावर मी खरे तर शांतपणे लिहिणार होतो. ती शांतता या नोटिशीने घालवली आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

लायसन्स मिळाले तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि गाडी तीन वर्षे वापरलेली, लहान इंजिनाची होती. पहिली कोटेशन्स पाहिल्यावर आपण गाडी विकत घेतली आहे की विमा, असा प्रश्न पडावा इतका हप्ता मोठा होता. राग आला, पण कारण समजल्यावर तो बराचसा ओसरला. विमा कंपनी मला ओळखत नसते. ती माझ्या गटाला ओळखते, आणि त्या गटाचा लौकिक वाईट आहे. अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेच्या आकडेवारीनुसार १६ ते १९ वयाच्या चालकांच्या प्राणघातक अपघातांचे प्रमाण, चालवलेल्या अंतराच्या हिशेबाने, २० वर्षे व त्यावरील चालकांच्या जवळजवळ तिप्पट आहे. वयाने मी त्या गटातून नुकताच बाहेर पडलो होतो, पण अनुभव शून्य असल्यामुळे कंपन्यांच्या लेखी अजून आतच होतो.

दोन आठवडे मी फक्त कोटेशन्स गोळा केली. गाडी तीच, चालक तोच, भरलेली माहिती अक्षरशः तीच; तरी सर्वांत महाग कोटेशन सर्वांत स्वस्त कोटेशनच्या दुपटीहून अधिक होते. प्रत्येक कंपनीला नवखा चालक हवाच असतो असे नाही. काहींना तो नकोच असतो आणि ते तोंडाने न सांगता हप्त्याच्या आकड्याने सांगतात, असा माझा निष्कर्ष आहे. फक्त थर्ड पार्टी विमा घेतला की काम स्वस्तात होईल, ही माझी समजूतही टिकली नाही, कारण एका कंपनीकडे तो सर्वसमावेशक विम्याहून महाग निघाला. एका एजंटाने तर बाबांना मुख्य चालक दाखवून माझे नाव दुसऱ्या क्रमांकावर टाकण्याचा सल्ला दिला. रोज गाडी मीच चालवणार असताना असे लिहून देणे म्हणजे सरळ फसवणूक आहे, आणि दाव्याच्या वेळी ती उघडी पडली तर भरलेला सगळा हप्ता पाण्यात जातो. विम्याच्या करारात जोखमीसंबंधी महत्त्वाची गोष्ट दडवायची नाही, हे तत्त्व इंग्लंडमधील १७६६ सालच्या कार्टर विरुद्ध बोम या खटल्यापासून रुळलेले आहे; अडीचशे वर्षांच्या नियमाशी पहिल्याच वर्षी झुंजण्याची माझी हिंमत झाली नाही. बाबा सुट्टीच्या दिवशी खरोखरच गाडी चालवतात, म्हणून मी स्वतःला मुख्य आणि त्यांना दुसरे चालक म्हणून नोंदवले. एवढ्या सरळ मार्गानेही हप्ता थोडा उतरला.

याशिवाय मी दोन गोष्टी केल्या. मासिक हप्त्यांत व्याज मिसळलेले असते, म्हणून वर्षाची रक्कम एकरकमी भरली आणि त्यासाठी ताईकडून बिनव्याजी उसने घेतले, जे अजून पूर्ण फिटलेले नाही. दुसरे म्हणजे ऐच्छिक डिडक्टिबल, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चातला जो भाग कंपनीऐवजी आपण स्वतः भरायचा तो, सर्वांत वरच्या पातळीवर नेले, कारण त्याने हप्ता उतरतो. या दुसऱ्या हुशारीचे काय झाले ते पुढे येईलच.

मोठी सूट मात्र ‘चालवाल तसा हप्ता’ या योजनेत होती. कंपनीचे ॲप फोनमध्ये ठेवायचे. ते अंतर, वेळ, वेग, वळणे, चालवताना फोनला केलेला स्पर्श आणि ब्रेक यांची नोंद ठेवते आणि त्यावरून शंभरपैकी गुण देते. कमी चालवणाऱ्याने कमी भरावे, ही कल्पना नवी नाही. अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी ती १९६८ मध्येच मांडली होती. मी आठवड्याला फारसे अंतर चालवत नाही, मध्यरात्री तर कधीच नाही, त्यामुळे ही योजना माझ्यासाठीच बेतलेली आहे असे मला वाटले. गटाच्या लौकिकाऐवजी माझे स्वतःचे चालवणे मोजले जाणार, यापेक्षा न्याय्य काय असू शकते? पहिला आठवडा मी याच आनंदात होतो. अंतर, वेळ, वेग आणि फोन या बाबतींत मला अकरा महिन्यांत एकही तक्रार करावी लागली नाही, आणि त्यांवर मी याहून अधिक लिहिणारही नाही, कारण प्रश्न ब्रेकचा आहे.

‘जोराचा ब्रेक’ म्हणजे नेमके काय, हे माझ्या कंपनीने कुठेही लिहिलेले नाही. अमेरिकेतील प्रोग्रेसिव्ह ही कंपनी तिच्या अशाच योजनेत ही मर्यादा उघडपणे सांगते : एका सेकंदात वेग ताशी ७ मैल किंवा अधिक घटला, तर तो जोराचा ब्रेक. हे ताशी सुमारे ११ किलोमीटर होतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला ही मर्यादा न ओलांडता थांबायचे असेल, तर साडेचार सेकंद आणि ३१ मीटर लागतात, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी १४ मीटर. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी या ३१ मीटरच्या निम्म्याहून कमी अंतरात थांबू शकते. म्हणजे यंत्राची क्षमता अर्धीसुद्धा वापरलेली नसताना चालकाच्या नावावर दोष चढतो. त्याहून गमतीची गोष्ट मला सिग्नलच्या हिशेबात सापडली. पिवळा दिवा किती वेळ ठेवायचा, हे ठरवण्याच्या अमेरिकी अभियंत्यांच्या प्रचलित सूत्रात चालक एका सेकंदात सावध होतो आणि नंतर दर सेकंदाला १० फूट प्रतिसेकंद या दराने वेग कमी करतो, असे गृहीत धरलेले असते. हा दर किलोमीटरमध्ये मांडला तर तोही ताशी सुमारे ११ च येतो. अभियंत्याच्या दृष्टीने जे रोजचे, साधे थांबणे आहे, त्याच्या किंचित पलीकडे गेले की विमा कंपनीच्या दृष्टीने ती बेफिकिरी ठरते.

याचा परिणाम काय होतो, ते मी दुसऱ्या महिन्यात अनुभवले. सिग्नल पिवळा झाला, थांबणे शक्य होते, पण थोडा जोर लावावा लागला असता. त्या अर्ध्या सेकंदात माझ्या मनात रस्ता नव्हता, गुण होते. मी ब्रेक लावला नाही. चौकाच्या मध्यावर असताना दिवा लाल झाला आणि डावीकडून निघालेल्या दुचाकीस्वाराने मला जे सुनावले, ते सर्वस्वी रास्त होते. अकरा महिन्यांतला माझा हा सर्वांत धोकादायक प्रवास. ॲपने त्याला ९८ गुण दिले.

त्या दिवसापासून ही योजना म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे, असे माझे मत झाले आणि ते मी घरात इतक्या वेळा ऐकवले की शेवटी ताई एका रविवारी वही घेऊन शेजारच्या सीटवर बसली. तासाभरात तिने एकच गोष्ट लिहिली : पुढच्या गाडीने एखादी खूण ओलांडल्यापासून माझी गाडी तिथे पोहोचेपर्यंत किती सेकंद गेले. बहुतेक वेळा एक, कधी त्याहूनही कमी. निदान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे, हे मला शिकवणीत सांगितले होते आणि मी ते परीक्षेपुरते पाळले होते. माझे ब्रेक जोराचे होते, कारण मी सतत पुढच्याच्या पाठीला चिकटलेलो असे. अंतर वाढवले आणि आकडा पडला : पहिल्या तीन महिन्यांत ३८, पुढच्या चार महिन्यांत १० आणि शेवटच्या चार महिन्यांत ६. (यात बसचे सात धरलेले नाहीत.) तेव्हा मूर्खपणा हा शब्द मी मागे घेतो. मोजमाप बोथट आहे आणि पिवळ्या दिव्याबाबतचा माझा आक्षेप कायम आहे, पण ३८ पैकी बहुतेक ब्रेक मला योग्य तेच सांगत होते, आणि ते मला घरच्यांकडून ऐकावे लागले. ॲपने फक्त गुण कापले, अंतराबद्दल अवाक्षर काढले नाही.

आता बस. पाचव्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून मी बसने गेलो. फोन खिशात होता, आणि खिशातल्या फोनला आपण चालकाच्या खिशात आहोत की प्रवाशाच्या, हे खात्रीने कळत नाही. रात्री ॲप उघडले तर ‘आजचा प्रवास : ४१ गुण, जोराचे ब्रेक ७’. असा प्रवास ‘मी प्रवासी होतो’ अशी खूण करून वगळता येतो, पण ठरावीक मुदतीत. मी पाहिले तेव्हा मुदत शिल्लक होती, खूण केली, आणि ॲपने ती स्वीकारून दुसऱ्या दिवशी परत काढून टाकली. त्यानंतर मी ग्राहकसेवेला पाच फोन आणि तीन ईमेल केले. पहिल्या प्रतिनिधीने मला ब्रेक हळू लावण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने बसच्या तिकिटाचा फोटो मागितला, जो सुदैवाने मी देऊ शकलो, कारण तिकिटे जपून ठेवण्याची माझी सवय घरात चेष्टेचा विषय आहे. अकराव्या दिवशी दुरुस्ती झाल्याचे पत्र आले. ते पत्र आज माझ्यासमोर आहे आणि त्याच्या शेजारी ६१ लिहिलेली नोटीस आहे.

डिडक्टिबलचे थोडक्यात सांगतो. सातव्या महिन्यात पार्किंगमध्ये मागे घेताना गाडी खांबाला घासली. बंपर आणि मडगार्डचे डेंटिंग-पेंटिंग करावे लागले. गॅरेजने सांगितलेला खर्च माझ्या डिडक्टिबलच्या किंचित आत बसला, त्यामुळे विम्याकडून काहीही मिळण्याचा प्रश्नच नव्हता आणि सगळे पैसे मी भरले. हप्त्यात जे वाचवले होते, त्याच्या दीडपट रक्कम एका खांबाने नेली. दिलासा एवढाच की दावा न केल्यामुळे नो क्लेम बोनस शाबूत राहिला, आणि नूतनीकरणाच्या हप्त्यात सर्वांत मोठी घट त्यानेच झाली. ज्या सवलतीसाठी मी वर्षभर ब्रेक मोजले, ती त्याच्या खालोखाल आहे. या वेळी डिडक्टिबल निम्मे केले, आणि त्याने हप्ता मला भीती वाटत होती त्यापेक्षा बराच कमी वाढला. हे मी गेल्या वर्षीच दोन्ही पातळ्यांचे कोटेशन शेजारी ठेवून पाहायला हवे होते.

नूतनीकरणापूर्वी मी पुन्हा इतर कंपन्यांची कोटेशन्स मागवली. ॲप नसलेली एक पॉलिसी जवळपास त्याच हप्त्यात मिळत होती, आणि दोन दिवस मी तिकडे जाण्याच्या बेतात होतो. शेवटी राहिलो ते याच कंपनीकडे, कारण गुण ८० च्या वर गेले तर माझा हप्ता त्या पॉलिसीहून स्पष्टपणे कमी होत होता. नोटिशीबद्दल तक्रार केली, पत्राची प्रत जोडली, तिकिटाचा फोटो पुन्हा पाठवला.

परवा दुरुस्त नोटीस आली. गुण ८० झाले आहेत, सवलतीची पुढची पायरी मिळाली आहे आणि मुदतीला दोन दिवस उरले असल्यामुळे मी हप्ता भरूनही टाकला आहे. जोराच्या ब्रेकच्या ओळीत मात्र ५५ हा आकडा आहे. हा पंचावन्नावा ब्रेक कोणाचा, हे विचारणारा ईमेल मी आज सकाळी पाठवला.