झालर लोकरीची, ब्लँकेट प्लास्टिकचं

धागा जाळून दाखवणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहा. लोकर खरी की खोटी हे काडी लावून ओळखता येतं, हे आता घरोघरी माहीत झालंय. आपल्याला ते माहीत आहे, हे विकणाऱ्यांनाही माहीत झालंय. आमचे २,८०० रुपये याच परीक्षेत गेले, म्हणून हे लिहितेय.

आमच्या सासूबाईंना बाराही महिने थंडी वाजते. नागपुरात हे सांगितलं की लोक हसतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सगळं घर कूलरसमोर असतं आणि आई पदर डोक्यावर घेऊन दुसऱ्या खोलीत. थायरॉइडची गोळी सुरू आहे, हिमोग्लोबिनही तपासून झालं. (घरात असं सतत कुडकुडणारं माणूस असेल तर पांघरुणाच्या आधी या दोन तपासण्या करून घ्या. बऱ्याचदा कारण तिथेच सापडतं.) शिवाय नागपूरची थंडी वाटते तेवढी गरीब नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. त्या आठवड्यात आई दोन चादरी, एक शाल आणि वर माझा जुना स्वेटर घालून झोपायच्या.

तर त्यांच्यासाठी चांगलं लोकरीचं ब्लँकेट घ्यायचं ठरलं. रिंग रोडच्या बाजूला एका मंगल कार्यालयात हिवाळ्यात हॅण्डलूम आणि वूलनचं प्रदर्शन लागतं, बाहेर मोठा फ्लेक्स, ‘थेट विणकरांकडून’, वगैरे. आम्ही दोघं तिथेच गेलो. फिरन घातलेला विक्रेता होता. काश्मीरचा म्हणवत होता, होता कुठला देव जाणे. ब्लँकेटवर ६,५०० ची चिठ्ठी, त्यावर लाल पेनाने काट मारून २,८००. पहिल्यांदा त्याने ते यांच्या हातात ठेवलं. “भैया, वजन देखो. प्युअर वूल है, इसलिए इतना भारी है.”

मग मी काही विचारायच्या आत त्याने स्वतःच काडेपेटी काढली. ब्लँकेटच्या दोन्ही टोकांना लांब झालर होती. तिच्यातला एक धागा त्याने ओढून तोडला, चिमट्यात धरला, काडी लावली. धागा चरचरला, ज्योत बाजूला घेताच विझला, केस जळल्याचा तो ओळखीचा वास आला. उरलेली काळी राख त्याने अंगठ्याने तळहातावर चोळली, तिची भुकटी झाली. “देखा दीदी? नकली होता तो पिघल जाता.” आजूबाजूच्या चार बायांनी माना डोलावल्या. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. तो धागा खरोखर लोकरीचाच होता.

पहिल्या रात्री आईंनी दिवा मालवून ब्लँकेट अंगावर ओढलं तर अंधारात तडतड आवाज आणि निळसर ठिणग्या. त्या घाबरून उठून बसल्या. “हे काय आनलं वं बाप्पा, करंट मारून राह्यलं!” ठिणग्या उडाल्या म्हणजे माल नकलीच असं मात्र नाही. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत अस्सल लोकरीतूनही कधीमधी उडतात. माझ्या मनात शंका आली ती पहाटे. आईंचे खांदे गार, पाठ मात्र घामेजलेली. ब्लँकेट इतकं जड आणि ताठ की ते अंगाला लपेटतच नव्हतं. मानेपाशी, कुशीपाशी पोकळी राहायची आणि कूस बदलली की गार हवा आत. त्यांच्या दुखऱ्या हातांना ते वर ओढवतही नव्हतं.

वजनाचं हे सगळीकडे सांगतात, म्हणून जरा सविस्तर. पांघरूण स्वतः काही गरम नसतं. अंगाची ऊब अडवून धरते ती धाग्याधाग्यांत कोंडलेली हवा. लोकरीचा तंतू मुळात कुरळा, म्हणून तिच्यात हवा जास्त मावते आणि त्यामानाने ती हलकी राहते. वर ती स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओल शोषूनही ओली लागत नाही. पॉलिएस्टर, म्हणजे प्लास्टिकचाच धागा, ओल जवळजवळ शोषतच नाही. म्हणजे घाम अंगावरच राहतो आणि पहाटे तोच गार पडतो. जाड पॉलिएस्टर ब्लँकेटमध्ये आधी उकडून मग थंडी वाजण्याचं कारण हे. वजन तर कशानेही वाढवता येतं.

सकाळी मी झालर सोडून मधल्या भागातला धागा सुईने उपसला, चिमट्यात धरला आणि स्टीलच्या ताटलीवर काडी लावली. धागा ज्योतीपासून मागे आक्रसला, वितळला, काळा धूर निघाला आणि ताटलीत साबुदाण्याएवढा टणक मणी पडला. नखाने फुटेना. मग ब्लँकेट उलटं करून झालर बघितली. ती ब्लँकेटच्या विणीतून आलेलीच नव्हती. वेगळी पट्टी, मशीनच्या दोन शिलाया मारून जोडलेली. एवढ्या पट्टीपुरती खरी लोकर वापरायची आणि गिऱ्हाईकासमोर तीच जाळायची. एका पट्टीवर शेकडो धागे निघतात, म्हणजे सगळा सीझन त्यात निघत असेल.

तेव्हा धागा तुम्ही निवडा, आणि मधला. विकणारा म्हणेलच की माल खराब होईल. विणलेल्या ब्लँकेटचा एक तंतू सुईच्या टोकाने काढला तर काही होत नाही. दुकानात पेटवायची गरज नाही, धागा पुडीत घालून घरी आणा, दुसऱ्या दिवशी घ्या. आग नको असेल तर आणखी एक उपाय आहे. काचेच्या वाटीत कपड्यांचं क्लोरीन ब्लीच पाणी न घालता थोडं घ्या आणि धागा त्यात काही तास बुडवून ठेवा. लोकर त्यात विरघळून जाते. पॉलिएस्टर, अॅक्रिलिक, सूत तसंच राहतं. मिश्र माल असेल तर नेमका कळतो, जे काडीने नीट कळत नाही. (खिडकी उघडी ठेवा, आणि ते ब्लीच संडास साफ करायच्या अॅसिडसोबत कधीही मिसळू नका.)

लेबलवर सोनेरी अक्षरांत ‘प्युअर वूल क्वालिटी’ असं विणलेलं होतं. तो ‘क्वालिटी’ शब्द मी घरी आल्यावर वाचला. शेजारी वूलमार्कची आठवण यावी असं गोल भेंडोळं. वूलमार्क हे १९६४ पासूनचं चिन्ह आहे आणि ते शुद्ध नव्या लोकरीलाच मिळतं. निम्म्याहून जास्त लोकर असेल तर वूलमार्क ब्लेंड, आणि ३० टक्क्यांपासून निम्म्यापर्यंत असेल तर वूल ब्लेंड, अशी त्याची वेगळी चिन्हं आहेत. नुसतं भेंडोळं बघून हुरळायचं नाही, खाली टक्के लिहिलेत का ते बघायचं. ‘वूल टच’, ‘वूलन फील’, ‘कश्मीरी लुक’ असलं काही लिहिलं असेल तर लोकर नाही असंच धरा.

आम्ही परत गेलो तर प्रदर्शन उठलेलं. फोन बंद. कार्यालयवाल्यांनी “आम्ही फक्त हॉल भाड्याने देतो ना भाऊ” म्हणून हात वर केले. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथल्या मुलीने शांतपणे सगळं विचारून घेतलं: विक्रेत्याचं पूर्ण नाव, पत्ता, बिल नंबर, जीएसटी नंबर. बिलावर होतं काय, तर रबरी शिक्का, एक मोबाइल नंबर आणि ‘ब्लँकेट, १ नग’. लोकरीचा शब्दही नाही. पैसे क्यूआर कोडने दिले होते, ते भलत्याच नावाच्या खात्यात गेले होते. आणि खाली छापलेलं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

या शेवटच्या ओळीला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या घडणीबद्दल खोटं सांगणं, बिल न देणं, आणि सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं या तिन्ही गोष्टी अनुचित व्यापार प्रथेत येतात. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही. अडतं ते समोरचा माणूस कोण हेच सांगता न आल्यामुळे. म्हणून पैसे द्यायच्या आधी बिलावर ‘१०० टक्के लोकर’ असं लिहून मागा. खरा असेल तो लिहून देईल, दुसरा लगेच हिंदीतून विनोद करायला लागेल. जीएसटी नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, आणि तो कोणाचा आहे हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही मोबाइलवर उभ्या उभ्या बघता येतं. आमची तक्रार नोंदली गेली, पैसे काही आले नाहीत.

नंतर गांधीबागेत एका ठोक दुकानात गेलो. अगदी तसंच ब्लँकेट, झालर सोडून. दुकानदार न विचारता म्हणाला, “ताई, हे पॉलिएस्टर आहे, पानिपतचा माल. नऊशे पडतील. लोकर पाहिजे तर ती या भावात येत नाही.” प्लास्टिक विकण्यात काही गैर नाही, ते प्लास्टिक म्हणून आणि प्लास्टिकच्या भावात विकावं एवढंच. पानिपतला जुन्या गरम कपड्यांचा धागा पुन्हा काढून स्वस्त कांबळीही होतात. उबेला वाईट नसतात, फक्त नवी लोकर म्हणून गळ्यात मारली जातात.

आईंसाठी शेवटी आम्ही ब्लँकेट घेतलंच नाही. कापसाच्या मुलखात राहून आम्ही प्लास्टिक शोधत फिरत होतो, हे त्यांनीच बोलून दाखवलं. घरातल्या जुन्या गादीचा कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला, थोडा नवा घातला, आणि हलकी दुलई भरून आणली. अंगालगत मऊ सुती चादर, वर दुलई, अगदी कडाक्याच्या रात्री त्यावर लोकरीची शाल. गादीवरही एक जाड सतरंजी टाकली, कारण ऊब खालूनही जाते हे कोणी लक्षात घेत नाही. दोन-तीन हलके थर असले की आई उकडलं तर एक स्वतःच बाजूला करतात, कोणाला उठवावं लागत नाही. दुलईला सुती खोळ मात्र शिवून घ्या. खोळ धुवायची, आतला कापूस धुवायचा नाही, तो उन्हात घालायचा, आणि उन्हाचा आपल्याकडे तुटवडा नाही.