जुन्या फ्लॉप्या वाचण्यासाठी यूएसबी ड्राइव्ह पुरेसा आहे का?

ऑनलाइन दुकानांत दोन हजार रुपयांच्या आत मिळणारा चपटा, काळा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मी बराच काळ वापरला आहे आणि अलीकडे त्याच्या जोडीला ग्रीझवीझल हा छोटा सर्किट बोर्डही घेतला आहे. काम एकच होते. एका छोट्या दिवाळी अंकाचा नव्वदच्या दशकातला मजकूर, जो त्या काळी डीटीपी करून फ्लॉपीवर छापखान्याकडे जात असे, तो आजच्या संगणकावर आणायचा होता. या दोन वस्तूंपैकी कोणती कोणाला उपयोगी पडेल, हे या अनुभवावरून सांगतो.

यूएसबी ड्राइव्हबद्दल आधी चांगले सांगायला हवे. १.४४ एमबीची, कोरड्या जागी नीट ठेवलेली फ्लॉपी त्यात सरकवली की वेगळे काहीही न बसवता ती संगणकावर दिसते आणि सगळ्या फाइल्स दोन-चार मिनिटांत उतरवून घेता येतात. ज्यांच्या फ्लॉप्या अशा सुस्थितीत आहेत, त्यांनी याहून महाग वस्तू घेण्याचे कारण नाही.

अडचण येते ती फ्लॉपी वाचली न जाता ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न पडद्यावर येतो तेव्हा. याला होकार कधीही देऊ नये. किंबहुना कोणतीही जुनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वीच तिच्या कोपऱ्यातली छोटी पट्टी सरकवून तिथले छिद्र उघडे करावे, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. त्यानंतर हमखास चालणारी दुसरी फ्लॉपी घालून पाहावी. तीही वाचली जात नसेल, तर दोष फ्लॉपीचा नसून ड्राइव्हचा आहे.

आणि हा दोष बहुतेक वेळा घाणीचा असतो. सोनीने २०११ मध्ये जपानमधली फ्लॉपीची विक्री थांबवली, त्याला आता बराच काळ लोटला आहे. माझ्या ‘नव्या’ ड्राइव्हचे कवच उघडले तेव्हा आतली यंत्रणा जुन्या लॅपटॉपमधून काढलेली असल्याचे स्पष्ट दिसले; हेडवर, म्हणजे चकतीवरची नोंद वाचणाऱ्या भागावर, तपकिरी थर होता आणि हेड पुढेमागे सरकवणाऱ्या बारीक आट्यांच्या दांड्यावरचे ग्रीस वाळून घट्ट झाले होते. धागे न सुटणारी काडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून खालचे आणि वरचे अशी दोन्ही हेडे अलगद पुसावीत. वरच्या हेडची पातळ पट्टी गरजेपेक्षा जास्त उचलू नये, कारण ती वाकली तर हेडची जागा चुकते आणि ती पुन्हा जुळवणे घरी शक्य नसते. वाळलेले ग्रीस पुसून नवे अगदी थोडे लावल्यावर, आधी फक्त बाहेरचे ट्रॅक (चकतीवरची नोंदीची वर्तुळे) वाचून आतल्या ट्रॅकवर अडणारा माझा ड्राइव्ह शेवटपर्यंत जाऊ लागला. विकत घेतलेल्या वस्तूवर ही डागडुजी ग्राहकाला करावी लागते, याबद्दल विक्रेत्याच्या पानावर एक शब्दही नव्हता, हे मला गैर वाटते.

ड्राइव्ह स्वच्छ असूनही ठरावीक फ्लॉप्याच अडत असतील, तर त्यांची क्षमता पाहावी. १.४४ एमबीच्या फ्लॉपीला दोन्ही कोपऱ्यांत छिद्रे असतात, ७२० केबीच्या फ्लॉपीला एकाच. कित्येक स्वस्त यूएसबी ड्राइव्ह ७२० केबीची फ्लॉपी वाचतच नाहीत. काही वेळा दोन छिद्रांची फ्लॉपी मुळात ७२० केबीची म्हणून फॉरमॅट केलेली असते. तेव्हा पट्टी नसलेल्या बाजूचे छिद्र चिकटपट्टीने झाकून ७२० केबी वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती घातली की वाचली जाते. जुन्या मॅकिंटॉशच्या ४०० आणि ८०० केबीच्या फ्लॉप्या मात्र यूएसबी ड्राइव्हवर कोणत्याही उपायाने वाचता येत नाहीत, कारण त्यांवरच्या नोंदीची पद्धतच वेगळी आहे.

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या फ्लॉप्यांसाठी एक इशारा. धातूची झडप बाजूला करून आणि मधली चकती बोटाने फिरवून उजेडात पृष्ठभाग पाहावा. त्यावर पांढुरके ठिपके किंवा जाळीसारखे डाग दिसले, तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी स्वच्छ केल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू नये, नाहीतर हेड खराब होते आणि ते हेड पुढे चांगल्या फ्लॉप्यांवरही ओरखडे काढते.

इथवरचे सगळे करूनही काही फ्लॉप्या उरतात आणि तिथे यूएसबी ड्राइव्हची खरी मर्यादा कळते. त्याच्या आतला नियंत्रक स्वतःच काही वेळा प्रयत्न करतो, मग ‘त्रुटी’ एवढेच कळवून थांबतो. हेडला प्रत्यक्ष काय ऐकू आले, हे तो संगणकाला देत नाही. ग्रीझवीझल नेमके तेच देतो. कीर फ्रेझर यांनी तयार केलेल्या या बोर्डाला जुन्या डेस्कटॉपमधला साधा फ्लॉपी ड्राइव्ह ३४ पिनांच्या चपट्या केबलने जोडायचा असतो, ३.५ इंची बहुतेक ड्राइव्हना लागणारे पाच व्होल्ट बोर्डाची चौथी आवृत्ती यूएसबीतूनच पुरवते. हा बोर्ड चकतीवरच्या चुंबकीय बदलांची वेळ मोजतो आणि त्यांतून मजकूर ओळखण्याचे काम संगणकावर होते. म्हणूनच मॅकिंटॉशच्या त्या फ्लॉप्याही साध्या पीसी ड्राइव्हवर वाचता येतात.

वापरायला तो सोपा नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. खिडक्या आणि बटणे नाहीत, आज्ञा टंकाव्या लागतात. मला तो परदेशातून मागवावा लागला, आणि जुना डेस्कटॉप ड्राइव्ह मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधावा लागला. केबल उलटी जोडली गेली तर ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहतो, एवढी खूण लक्षात ठेवली तरी बराच त्रास वाचतो. पण काम सुरू झाल्यावर जे दिसते त्याला तोड नाही. एकेका ट्रॅकमागे १८ पैकी किती सेक्टर (ट्रॅकचे छोटे भाग) मिळाले हे ओळीने उमटत जाते आणि शेवटी पूर्ण फ्लॉपीचा नकाशा येतो, ज्यात मिळालेला सेक्टर टिंबाने आणि हरवलेला फुलीने दाखवलेला असतो. १.४४ एमबीच्या पूर्ण फ्लॉपीत २,८८० सेक्टर असतात. यूएसबी ड्राइव्हने उघडायलाही नकार दिलेल्या एका फ्लॉपीच्या नकाशात मोजक्याच फुल्या होत्या, आणि पुन्हा वाचण्याची मर्यादा वाढवल्यावर त्यांतल्याही बऱ्याच गेल्या. संपादकीय आणि दोन कथा त्यातून सुखरूप बाहेर आल्या, याचा आनंद मला अजून आहे.

माझे मत असे की घरातल्या चार-सहा चांगल्या फ्लॉप्यांसाठी यूएसबी ड्राइव्ह घ्यावा, मात्र ७२० केबी चालते का हे विचारून आणि परत करण्याची सोय पाहूनच. संस्थांनी, ग्रंथालयांनी आणि जुन्या प्रकाशकांनी थेट ग्रीझवीझल घ्यावा आणि प्रत्येक फ्लॉपीची कच्ची चुंबकीय नोंद आधी जपून ठेवावी, कारण क्षीण झालेली फ्लॉपी दरवेळी वाचताना आणखी झिजू शकते.

फाइल हाती आल्यावर मराठी मजकुराची आणखी एक अडचण उरते. श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचे आयएसएम या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या काळी टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या सामाईक अक्षरसंकेतात, नसतो, त्यामुळे तो उघडल्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ दिसते. फाइल बिघडली असे समजून ती टाकून देऊ नये. मूळ फॉन्ट कोणता होता हे कळले की त्या फॉन्टसाठीच्या परिवर्तकाने ती युनिकोडमध्ये आणता येते. फॉन्ट बहुधा फ्लॉपीवर नसतो, डीटीपी करणाऱ्याच्या संगणकावर असतो. म्हणून छापखान्याशी अजून ओळख असेल तर फॉन्टचे नाव आधी विचारून घ्यावे.