मंडळाची वेबसाइट करून घेताय? डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

तालुक्याच्या गावातलं नोंदणीकृत कबड्डी मंडळ. निमंत्रितांची स्पर्धा तोंडावर आली, म्हणून वेबसाइट करून घ्यायचं ठरलं. कार्यकारिणीत त्यातलं कुणाला फारसं कळत नव्हतं, त्यामुळे काम गेलं ओळखीतून आलेल्या एका डेव्हलपरकडे. पानं पाचच: मुखपृष्ठ, मंडळाविषयी, खेळाडू, स्पर्धा, संपर्क. बिल आलं ते असं: डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा) एक वर्ष ९,०००, एसएसएल सर्टिफिकेट (साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं) ४,५००, डिझाइन १८,०००, एसईओ (गुगलच्या शोधात साइट वर आणण्याचं काम) ६,५००. वर १८ टक्के जीएसटी ६,८४०. एकूण ४४,८४० रुपये.

बिलाचीच आधी चिरफाड करू. लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेचं एसएसएल सर्टिफिकेट फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले ते एका क्लिकवर लावून देतात. एसईओच्या नावाखाली ‘गुगलवर पहिला नंबर’ कबूल केला होता. गुगल शोधनिकालातली जागा पैसे घेऊन देत नाही. पैसे घेऊन दाखवते ती जाहिरात, आणि तिथे तसं लिहिलेलं असतं. नकाशावर मंडळाची नोंद करायलाही काही पडत नाही. राहिला जीएसटी. बिलावर जीएसटी क्रमांकच नव्हता. हा क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की धंद्याचं नाव समोर येतं. ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी वसूल करताच येत नाही. म्हणजे ६,८४० रुपये सरळ खिशात. मंडळाचे हिशेब लेखापरीक्षणाला जातात, तिथे हे बिल अडणारच होतं.

पण हे पैसे गेले तरी परवडलं असतं. खरी फसवणूक होती डोमेनमध्ये.

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तो रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून, भाड्याने मिळतो, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. ज्याच्या खात्यातून घेतला आणि ज्याचं नाव मालक म्हणून लिहिलं, त्याचाच तो, पैसे कुणी का दिले असेनात. इथे खातं डेव्हलपरचं, ईमेल त्याचा, मोबाइल त्याचा. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, केलेली. मंडळाच्या हातात आला फक्त त्याचा एक लॉगिन, तोही ‘एडिटर’ दर्जाचा. बातमी टाकायला तो पुरतो, पण साइटचा बॅकअप काढायला नाही.

वर्षभराने नूतनीकरणाचे १५,००० मागितले गेले. साध्या डॉट इन किंवा डॉट कॉम डोमेनचं वर्षाचं नूतनीकरण बहुतेक ठिकाणी हजार-दीड हजाराच्या आत होतं. मंडळाने डोमेन आपल्या नावावर करून मागितलं, तेव्हा फोन उचलणं बंद झालं. तोवर तो पत्ता फ्लेक्सवर, जर्सीच्या पाठीवर आणि प्रमाणपत्रांवर छापून झालेला. अडवणूक चालते ती याच भरवशावर.

मुदत संपली की पुढे काय होतं तेही माहीत हवं. साइट लगेच किंवा काही दिवसांत बंद पडते. डॉट कॉमला रजिस्ट्रारच्या मर्जीप्रमाणे मुदतीनंतरही ४५ दिवसांपर्यंत नूतनीकरणाची सवलत असू शकते. त्यानंतर ३० दिवस जादा दंड भरून सोडवता येतं, पुढचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग डोमेन बाजारात मोकळं. मोकळी झालेली जुनी डोमेन सट्ट्याच्या साइटवाले टिपून ठेवतात, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या जुन्या लिंक गुगलला ओळखीच्या असतात. किशोर गटातल्या पोराच्या जर्सीवरचा पत्ता उघडावा आणि समोर बेटिंग यावं, हे खरंच घडू शकतं.

दुसरा घोळ प्रवेश फीचा. स्पर्धेच्या पानावर क्यूआर कोड होता आणि संघामागे १,५०० रुपये भरायचे होते. स्कॅन केल्यावर यूपीआय ॲपमध्ये मंडळाचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव यायचं. संघांना वाटलं, खजिनदार असतील. मंडळाला वाटलं, यंदा संघच कमी आले. क्यूआर म्हणजे साइटवरचं एक साधं चित्र असतं. ॲडमिन लॉगिन असलेला कुणीही ते मिनिटभरात बदलतो आणि साइट दिसायला होती तशीच राहते. म्हणून क्यूआर मंडळाच्या बँक खात्यालाच जोडलेला हवा. नोंदणी चालू असेपर्यंत कुणीतरी रोज एकदा तो स्कॅन करून नाव वाचावं आणि आलेल्या अर्जांचा आकडा बँकेच्या जमेशी ताडून बघावा. परिपत्रकातही छापावं की स्कॅन केल्यावर अमुकच नाव दिसलं पाहिजे.

त्याच फॉर्ममध्ये वयाच्या दाखल्यासाठी आधार कार्डाचा फोटो मागितला होता. वर्डप्रेसमध्ये असे फोटो बहुधा अपलोड्सच्या फोल्डरात जाऊन पडतात, आणि पत्ता माहीत असलेला कुणीही ती फाइल उघडू शकतो, लॉगिन लागत नाही. कुमार आणि किशोर गटातल्या मुलांची जन्मतारीख, घरचा पत्ता, आधारचे बाराही अंक, सगळं उघड्यावर. हा बहुधा लबाडीपेक्षा निष्काळजीपणा असतो, पण भोगतात ती मुलं. कागद स्पर्धेच्या दिवशी प्रत्यक्ष तपासावेत. ऑनलाइन घ्यायचेच झाले तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क केलेलं आधार घ्यावं.

डिझाइनचे १८,००० ज्या थीमसाठी, म्हणजे साइटच्या तयार साच्यासाठी, घेतले ती चोरीची होती. विकत घ्यायची थीम फुकट वाटणाऱ्या साइटवरून उतरवलेली. अशा थीममध्ये बऱ्याचदा छुपा कोड असतो, तो फक्त गुगलला दिसतील अशी औषधांची आणि जुगाराची पानं तयार करतो. आपल्याला साइट चांगलीच दिसते. तपासायचं तर गुगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘साइट’ लिहा, पुढे कोलनची दोन टिंबं आणि जागा न सोडता आपलं डोमेन. पाच पानांच्या साइटची पाचशे पानं दिसली तर समजा, घरात कुणीतरी घुसलंय.

आता काम देताना काय करायचं. आधी मंडळाच्या नावाने ईमेल उघडा, सचिवांचा खाजगी वापरू नका. पुढच्या निवडणुकीत सचिव बदलतात. त्या ईमेलवरून डोमेन स्वतः घ्या, मालकाच्या रकान्यात मंडळाचं नोंदणीकृत नाव लिहा आणि एकदम पाच वर्षांचे पैसे भरून टाका. डॉट कॉम घेतलंत तर ईमेलची खातरजमा करायची लिंक येते, १५ दिवसांत ती दाबली नाही तर डोमेन स्थगित होतं. दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरून करायची दुसरी खातरजमा) दोन पदाधिकाऱ्यांच्या फोनवर ठेवा. होस्टिंगही मंडळाच्याच खात्यात असू द्या. डेव्हलपरला वेगळा ॲडमिन लॉगिन द्या आणि काम संपलं की काढून टाका. वापरकर्त्यांच्या यादीत ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ किती आहेत ते मोजा, अनोळखी नाव दिसलं तर उडवा. होस्टिंगचे आणि एफटीपीचे (साइटवर फाइली चढवायच्या सोयीचे) पासवर्ड त्याच दिवशी बदला. शेवटचा हप्ता हे सगळं झाल्यावरच द्या.

खरं तर पाच पानांना वर्डप्रेसही लागत नाही. गुगल साइट्सवर किंवा गिटहब पेजेसवर असं काम होस्टिंगचा एक पैसा न देता होतं आणि कॉलेजातला शिकाऊ मुलगा चार-दोन दिवसांत करून देतो. त्याला एवढंच सांगा की मोबाइलवरचे चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवू नकोस, रुंदी १,६०० पिक्सेल आणि वजन २००-३०० केबीवर आण. नाहीतर गावाकडच्या नेटवर्कला पान उघडता उघडत नाही.

आणि अडकलाच असाल तर मुदत संपायची वाट बघू नका. हूइज शोधात (डोमेनची नोंद दाखवणारी ऑनलाइन सोय) डोमेन टाकून रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधीपर्यंत ते बघा, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. बिल, बँकेची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं एकत्र करा. डेव्हलपर तयार झाला तर तोंडी आश्वासनावर थांबू नका, त्याच रजिस्ट्रारकडे आपल्या खात्यात डोमेन वळवून घ्या. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर ऑथ कोड (जुन्या रजिस्ट्रारकडून मिळणारा गुप्त कोड) लागतो, आणि डॉट कॉम नुकतंच घेतलेलं असेल तर ६० दिवस हलवता येत नाही. डॉट इनसाठी निक्सीकडे (डॉट इन डोमेनचा कारभार बघणारी संस्था) वादनिवारणाची सोय आहे, पण शुल्क भरून लवादापुढे नावावरचा हक्क सिद्ध करावा लागतो. छोट्या मंडळाला बहुधा नवं डोमेनच परवडतं. पोलीस निव्वळ डोमेनच्या भांडणाला दिवाणी बाब म्हणून वाटेला लावतात. प्रवेश फी दुसऱ्याच्या खात्यात गेली असेल तर मात्र ती सरळ फसवणूक आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि ज्या संघांनी पैसे भरले त्यांच्याकडून यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणारा वेगळा क्रमांक, मागून घ्या. त्यावरून बँकेला पैशाचा माग काढता येतो.