चारा तपासणीचा अहवाल: पचनीयतेचा आकडा मोजलेला की हिशेबाने काढलेला?

दौंड तालुक्यातील आमच्या गोठ्यासाठी मक्याचा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा), संकरित नेपिअर गवत आणि ज्वारीचा कडबा यांचे नमुने आम्ही पुण्यातील एका खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतले. नमुन्यामागचे शुल्क पशुखाद्याच्या एका पोत्याच्या किमतीपेक्षा कमी होते, अहवाल सांगितलेल्या मुदतीत मिळाला आणि शुष्क पदार्थ, कच्ची प्रथिने, राख, एनडीएफ, एडीएफ व पचनीयता (चाऱ्याचा किती भाग पचतो ते) असे सगळे रकाने त्यात भरलेले होते. सेवा म्हणून यात खोट काढायला फारशी जागा नाही. जे सविस्तर लिहावेसे वाटते ते शेवटच्या रकान्याविषयी.

एनडीएफ म्हणजे चाऱ्यातील पेशीभित्तिकेचा भाग, म्हणजेच हेमिसेल्युलोज, सेल्युलोज आणि लिग्निन. त्यातून हेमिसेल्युलोज निघून गेल्यावर साधारणपणे जे उरते ते एडीएफ. एनडीएफ जास्त असलेल्या चाऱ्याने कोठीपोट (गाईच्या पोटाचा सर्वांत मोठा कप्पा) लवकर भरते व जनावराचे खाणे कमी होते, तर एडीएफ वाढला की सहसा पचन घटते. पशुआहाराचे अमेरिकी अभ्यासक व्हॅन सोस्ट यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत नमुना डिटर्जंटच्या द्रावणात उकळून उरलेल्या भागाचे वजन केले जाते. हे दोन्ही आकडे प्रयोगशाळेने खरोखर मोजलेले आहेत आणि तिन्ही नमुन्यांचे निष्कर्ष गोठ्यातल्या अनुभवाशी जुळणारे आहेत.

पचनीयतेचे तसे नाही. चौकशी केल्यावर कळले की हा आकडा एका सूत्राने काढतात: एडीएफच्या टक्केवारीला ०.७७९ ने गुणायचे आणि येणारी संख्या ८८.९ मधून वजा करायची. आमच्या नेपिअरचा एडीएफ ४० टक्के, म्हणून पचनीयता ५७.७ टक्के. हे सूत्र अमेरिकेत मुख्यतः लसूणघास आणि थंड हवामानातील गवते समोर ठेवून रूढ झाले आहे; नेपिअर, मका, ज्वारी ही उष्ण प्रदेशातली पिके त्यात कितपत बसतात, हा प्रश्न अहवालात कुठेही उपस्थित होत नाही. शिवाय एडीएफखेरीज दुसरी कोणतीही माहिती सूत्रात जात नसल्यामुळे हा रकाना नवे काहीच सांगत नाही, एडीएफचाच आकडा उलटा करून दाखवतो. एकाच नेपिअरच्या लवकर आणि उशिरा केलेल्या कापण्यांची तुलना करायला तो चालेल, पण नेपिअर आणि लसूणघास यांच्यात निवड करताना त्यावर विसंबू नये.

पचनीयता प्रत्यक्ष मोजण्याची पद्धत जुनीच आहे. टिली आणि टेरी यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत चाऱ्याची भुकटी कोठीपोटातील द्रवासोबत ४८ तास आणि नंतर आम्ल व पेप्सिन या पाचक रसायनामध्ये आणखी ४८ तास ठेवतात, आणि न पचलेला भाग वजनाने ठरवतात. त्यासाठी कोठीपोटाला कायमची खिडकी बसवलेले जनावर सांभाळावे लागते, त्यामुळे खासगी प्रयोगशाळेकडून ही अपेक्षा नाही; मात्र आकड्याशेजारी ‘सूत्राने काढलेला’ एवढे दोन शब्द छापायला काहीच खर्च येत नाही.

प्रथिनांचा आकडाही जपूनच वाचावा. केल्डाल पद्धतीने एकूण नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणतात, त्यामुळे युरिया प्रक्रिया केलेल्या कडब्यातील युरियाही प्रथिने म्हणून मोजला जातो. आणि हवा राहिल्यामुळे तापून तपकिरी पडलेल्या मुरघासातील जी प्रथिने तंतूंना घट्ट चिकटून जनावराच्या उपयोगाची राहत नाहीत, तीही त्यात धरली जातात. अशा बांधलेल्या नत्राची वेगळी तपासणी असते, पण ती इथे होत नाही.

सर्वांत अधिक घोळ शुष्क पदार्थाच्या आधारामुळे होतो. आमच्या नेपिअरमध्ये १० टक्के प्रथिने असल्याचे वाचून आमचा गडी खूश झाला, पण हे प्रमाण कोरड्या भागातले आहे. या हिरव्या नेपिअरमध्ये शुष्क पदार्थ २० टक्केच असल्याने ३० किलो चाऱ्यातून गाईला ६ किलो शुष्क पदार्थ आणि ६०० ग्रॅम प्रथिने मिळतात. ओल्या वजनावरचा एक रकाना दिला असता तर हा गुणाकार प्रत्येकाला करावा लागला नसता.

नमुना कसा घ्यावा याबद्दल प्रयोगशाळेने काहीच सांगितले नाही, आणि ही माझ्या मते या सेवेची खरी उणीव आहे. मुरघासाच्या खड्ड्यातील नुसता वरचा, हवेशी संबंध आलेला थर पाठवला तर अहवाल त्या थरापुरताच खरा ठरतो. कापलेल्या दर्शनी भागावर वेगवेगळ्या ठिकाणांहून मूठ मूठ घेऊन, नीट मिसळून, त्यातला अर्धा किलो हवा काढलेल्या पिशवीत भरावा आणि तो शनिवार-रविवार कुरिअरमध्ये अडकणार नाही अशा दिवशीच रवाना करावा.

मुरघास भरणारे आणि पेंडीवर मोठा खर्च करणारे गोठेवाले यांनी ही तपासणी अवश्य करून घ्यावी. एनडीएफ, एडीएफ आणि शुष्क पदार्थ एवढ्यासाठीही पैसे वसूल होतात. कोवळ्या ज्वारीतील विषारी हायड्रोसायनिक आम्लाची तपासणी मात्र येथे होत नाही, तेव्हा पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी गाईपुढे टाकण्याआधी या अहवालाचा आधार घेऊ नये.