बिल आमच्या नावावर, डोमेन त्याच्या नावावर : 63,130 रुपयांची फसवणूक

गोव्यात साखळी गावाला आमचं काजू, कोकम आणि मिरचीचं छोटं दुकान आहे. ऑनलाइन ऑर्डरी घ्यायच्या म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये एका माणसाकडून वेबसाईट करून घेतली. त्यात 63,130 रुपये बुडाले आणि वर्षभर ज्या नावाची जाहिरात केली ते नावही हातचं गेलं. लिहिताना लाज वाटते. पण तोच माणूस नवा नंबर घेऊन डिचोली आणि फोंड्याच्या दुकानांत फिरतोय हे परवा कळलं, म्हणून गप्प बसवत नाही.

आकडे आधी देतो, कारण पोलिसांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे पहिलं तेच विचारतात. डोमेन (साईटचं नाव, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता) 5 वर्षांसाठी 6,000. ‘अनलिमिटेड’ होस्टिंग (साईट ठेवायची सर्व्हरवरची जागा) 5 वर्षांसाठी 14,500. एसएसएल (साईटचं कनेक्शन सुरक्षित करणारं सर्टिफिकेट) 3,500. दुकानाच्या नावाचे पाच ईमेल 4,000. साईट बनवण्याचे 10,500. एकूण 38,500, वर 18 टक्के जीएसटी 6,930, म्हणजे 45,430. पुढे मे 2024 मध्ये ‘सर्व्हर अपग्रेड’ म्हणून 15,000 अधिक जीएसटी, म्हणजे 17,700.

आम्ही आंधळेपणाने पैसे दिले नाहीत. त्याने आधी केलेल्या तीन साईट दाखवल्या, तिन्ही चालू होत्या. त्यातल्या एका दुकानदाराला आम्ही फोनही केला आणि तोही चांगलंच बोलला. त्याला फसून जेमतेम चार महिने झाले होते, त्यालाच अजून पत्ता नव्हता. छापील पावती मिळाली, शिक्का मिळाला. चौकशी करायची म्हणजे याहून वेगळं काय करतात माणसं?

तरीही एक क्षण असा होता की तिथे हे सगळं थांबलं असतं. तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

21 ऑगस्टची संध्याकाळ. आमच्याच गल्ल्यावर लॅपटॉप ठेवून त्याने आमच्यासमोर डोमेन घेतलं. डॉट कॉम. नावापुढे मुदतीची चौकट होती आणि तिच्यात 1 होता. 5 नव्हे, 1. आम्ही तो पाहिला, विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “भाऊ, आधी एक दिसतं, मग पाच होतं. तुम्ही फक्त काजू विका, बाकी माझ्यावर सोडा.” त्याखाली ईमेलच्या रकान्यात त्याने स्वतःचा पत्ता टाकला. “हे टेक्निकल मेल रोज येत राहतात, तुमचा इनबॉक्स कशाला भरायचा?” तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, अर्धा किलो काजूगर तोलायला घेतले, आणि मान वळेपर्यंत त्याने बटण दाबलं होतं.

डॉट कॉम डोमेन नवीन घेतलं की ज्याच्या ईमेलवर ते नोंदवलंय त्याला, तो ईमेल आधी पडताळलेला नसेल तर, पडताळणीचा मेल येतो. त्यातली लिंक 15 दिवसांत दाबली नाही तर डोमेन बंद पडू शकतं. तो मेल आम्हाला आला नाही आणि 15 दिवसांनंतरही डोमेन चालूच राहिलं. म्हणजे नोंद दुसऱ्याच्या ईमेलवर होती, मालक दुसरा होता. हे तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे. डोमेन घेतल्याच्या दिवशी तो मेल तुमच्या जीमेलमध्ये दिसला नाही तर उरलेले पैसे देऊ नका, त्याच मिनिटाला थांबा.

दुसरी तपासणी त्याहून सोपी. गुगलवर ‘हूइज’ (डोमेनची नोंद दाखवणारी सेवा) शोधून कुठल्याही साईटवर डोमेनचं नाव टाका. मालकाचं नाव हल्ली बहुधा झाकलेलं असतं, पण कोणत्या रजिस्ट्रारकडून (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडून) घेतलं, कधी घेतलं आणि मुदत कधी संपते हे उघड दिसतं. आमच्या डोमेनची मुदत 21 ऑगस्ट 2024 अशी पहिल्या दिवसापासून जगाला दिसत होती. पाच वर्षांचे 6,000 घेऊन त्याने एका वर्षाचे हजार-बाराशे भरले होते.

पावतीतही खोट होती. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, गोव्याचे 30, महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. आमच्या पावतीवरचा नंबर 14 अक्षरांचा होता. एकदा बोट ठेवून मोजला असता तर कळलं असतं. शिवाय ऑफिस म्हापशाला, गिऱ्हाईक साखळीला, म्हणजे पावतीवर 9 टक्के केंद्राचा आणि 9 टक्के राज्याचा असे दोन वेगळे रकाने हवेत. तिथे ‘जीएसटी 18%’ एवढीच एक ओळ. 6,930 रुपये कराच्या नावाने सरळ त्याच्या खिशात गेले. जीएसटीच्या पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये नंबर टाकायला लॉगिनसुद्धा लागत नाही. आणि यूपीआयवर पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव येतं ते पावतीवरच्या फर्मचं नसेल तर पिन टाकू नका.

पहिला झटका 22 नोव्हेंबरला बसला. पर्यटकांचा हंगाम सुरू झालेला, आणि साईट उघडली की ‘तुमचे कनेक्शन सुरक्षित नाही’. 3,500 रुपये घेऊन लावलेलं एसएसएल मुळात लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं होतं. ते फुकट मिळतं, 90 दिवस चालतं आणि बऱ्याच होस्टिंगवर आपोआप नवं होतं. याने ते 24 ऑगस्टला लावलं आणि आपोआप नवं होण्याची सोय केलीच नाही. ब्राउझरमधल्या पत्त्याशेजारच्या खुणेवर दाबून सर्टिफिकेट उघडा. कोणी दिलं, कधीपासून कधीपर्यंत, सगळं लिहिलेलं असतं. साध्या दुकानाच्या साईटला एसएसएलचे वेगळे पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मग मे महिना. काजूचा हंगाम, ऑर्डरी येत होत्या, आणि पान उघडताना ‘508 रिसोर्स लिमिट इज रीच्ड’. फोन केला तर म्हणाला, भाऊ, तुमची साईट मोठी झाली, सर्व्हर अपग्रेड करावा लागेल. धंदा वाढला या आनंदात 18 मे रोजी 17,700 भरले. खरं असं की शेअर्ड होस्टिंगमध्ये (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट) प्रत्येक खात्याला प्रोसेसर, मेमरी आणि एकूण फाइलींची संख्या यांची मर्यादा असते. ‘अनलिमिटेड’ हा शब्द बहुतेक वेळा फक्त डिस्कच्या जागेबद्दल असतो, उरलेलं सगळं अटींच्या पानावर तळाशी. आमचं खातं त्याने एका स्वस्त प्लॅनमध्ये इतर दुकानांच्या साईटींबरोबर कोंबलं होतं. मर्यादा सगळ्यांनी मिळून संपवली. पैसे भरल्यावर त्याने काय बदललं? फोटो लहान केले. एवढंच. आमचे फोटो सहा-सहा एमबीचे होते, ते दोनशे केबीवर आणले की साईट धावते. हे काम फुकटच्या टूलवर कोणीही तासाभरात करतं.

सर्व्हर मुंबईत आहे असंही तो सांगायचा. संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग लिहून डोमेनचं नाव टाका. गोव्यातून मुंबईचा सर्व्हर साधारण 20 ते 40 मिलिसेकंदांत उत्तर देतो. आम्हाला 240 च्या आसपास आकडे आले, म्हणजे सर्व्हर समुद्रापार. (मध्ये क्लाउडफ्लेअरसारखी मधली सेवा असेल तर हा आकडा त्यांच्या जवळच्या केंद्राचा येतो, तेव्हा फसू नका.)

21 ऑगस्ट 2024 ला साईट बंद. चवथ (गणेश चतुर्थी) 7 सप्टेंबरला, म्हणजे ऑर्डरींचे सगळ्यात मोलाचे सतरा दिवस हातात होते. त्याचा फोन बंद. चार दिवसांनी व्हॉट्सअॅपवर निरोप आला : डोमेन ‘रिलीज’ करायचे 25,000. तोवर त्याने ते आणखी एका वर्षासाठी स्वतःच्या खात्यात नूतनीकरण करून घेतलं होतं. हे 25,000 आम्ही दिले नाहीत, एवढंच काय ते शहाणपण.

साईटबरोबर ईमेलही गेले, आणि सगळ्यात भीतीदायक भाग हाच आहे. बँक, एफएसएसएआयचा अन्न परवाना, जीएसटीचं लॉगिन, सगळीकडे आम्ही दुकानाच्या डोमेनवरचा ईमेल दिला होता, तो व्यावसायिक दिसतो म्हणून. डोमेन ज्याच्या हातात त्याने मेलची दिशा वळवली की आमच्या नावाने येणारे ओटीपी त्याच्याकडे. दोन दिवस दुकान बंद ठेवून आम्ही एकेक ठिकाणचा पत्ता बदलत बसलो. ओटीपी येणारा पत्ता जीमेलचाच ठेवा, आणि डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनचा ईमेल तर कधीच देऊ नका. डोमेन अडकलं की तोही अडकतो.

बॅकअप नव्हता. वर्डप्रेस (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) वापरून केलेली साईट म्हणजे फाइली आणि डेटाबेस. दोन्ही लागतात. सीपॅनलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पानावर) ‘फुल बॅकअप’ असतो, तो महिन्यातून एकदा उतरवून पेनड्राइव्हवर ठेवायचा. आमच्याकडे सीपॅनलचा पासवर्डच नव्हता. ‘सिक्युरिटीसाठी’ तो देत नव्हता. 340 गिऱ्हाइकांचे पत्ते त्या डेटाबेसमध्ये गेले. शिवाय काजूच्या 3,000 पाकिटांवर त्या साईटचा क्यूआर कोड छापलेला, 11,400 रुपयांची छपाई रद्दी झाली.

आता सरकारी दरवाजांबद्दल.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. हा नंबर पैसे गेल्या-गेल्या लावला तर खातं गोठवता येतं. आमचे शेवटचे पैसे जाऊन तीन महिने झाले होते. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. मग ठाण्यावर गेलो. “पावती आहे, साईट वर्षभर चालली, मग फसवणूक कुठे? हा दिवाणी मामला.” बनावट जीएसटी नंबर दाखवला तर म्हणे ते कर खात्याचं काम. कर खात्यात गेलो तर तिथला माणूस शांतपणे म्हणाला, हा नंबर अस्तित्वातच नाही, मग कारवाई कोणावर करणार? म्हणजे नंबर खरा असता तर पकडला असता, खोटा आहे म्हणून मोकळा!

सायबरवाल्यांनी स्थानिक ठाण्यात पाठवलं, स्थानिकांनी पुन्हा सायबरकडे. पाच फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीला अर्धा दिवस दुकानाला कुलूप. व्हॉट्सअॅपचे संवाद छापून नेले तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र नाही म्हणून परत. प्रमाणपत्र नेलं तर दुसरा संच नाही. संच नेला तर साहेब बंदोबस्ताला. मग वाद कलमांचा : 2023 चे पैसे जुन्या कायद्याच्या 420 खाली, मे 2024 चेही 420 खाली, पण ऑगस्टची 25,000 ची मागणी 1 जुलै 2024 नंतरची, तिला नवा कायदा, मग तक्रार एक की दोन? हा प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला. दुकानदाराला! बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. रजिस्ट्रार म्हणाला, खातं ज्याच्या नावावर त्याच्याशीच बोलू. त्यांच्या नियमाने ते बरोबर असेल, पण आम्ही दिलेली 45,430 ची पावती त्यांच्या लेखी कागदाचा तुकडा. डोमेनच्या वादासाठी आंतरराष्ट्रीय पंच आहेत. वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) एका डोमेनची किमान फी 1,500 डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या घरात. बुडालेल्या रकमेच्या दुप्पट.

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवा, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. हे कोणी सांगितलं नाही, आम्हीच शोधलं. ग्राहक आयोगातही ‘व्यवसायासाठी घेतलेली सेवा’ म्हणून आधी नकार मिळाला. 2019 च्या कायद्यात लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूची धरत नाहीत; तिथे सेवेचं नाव नाही, पण तोच मुद्दा मांडता येतो. ते पान छापून सोबत न्या. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आमची तक्रार दाखल झाली, तारखा पडताहेत.

नवं डोमेन आम्ही स्वतः घेतलं, स्वतःच्या जीमेलवर, स्वतःच्या कार्डाने. होस्टिंग वेगळ्या कंपनीकडे, आधी एका महिन्याचं. पैसे भरण्यापूर्वी शनिवारी रात्री अकराला त्यांच्या सपोर्टला एक खरा प्रश्न विचारला. नऊ मिनिटांत माणसाने उत्तर दिलं, तेव्हा खात्री पटली. पहिल्या वर्षाचा दर पाहू नका, नूतनीकरणाचा पाहा, तो अनेकदा दुप्पट-तिप्पट असतो. ‘99.9 टक्के अपटाइम’ म्हणजेसुद्धा वर्षाला पावणेनऊ तास साईट बंद राहू शकते. आधीच्या साईटची थीमही (साईटचा तयार साचा) चोरीची निघाली, हे नवी साईट करणाऱ्या मुलाने पाहताक्षणी सांगितलं. थीमची लायसन्स की (ती विकत घेतल्याचा कोड) मागा, देत नसेल तर तीही तशीच.

काम करणाऱ्याला लॉगिन लागलं तर वेगळा युजर करून द्या आणि काम संपलं की काढा. मालकीचं खातं त्याच्या लॅपटॉपवर उघडू नका. डोमेन दुसऱ्याकडे असेल आणि संबंध अजून गोड असतील तर आजच ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे नेण्याचा गुप्त कोड) मागून ते आपल्या खात्यात घ्या. नव्या डॉट कॉमला पहिले 60 दिवस रजिस्ट्रार बदलता येत नाही, नंतर येतं. आणि गुगल मॅपवरच्या दुकानाच्या पानाचा ‘ओनर’ कोण आहे तेही बघा. आमच्या पानाचा ओनरही तोच होता.

पोर्टलवर आमच्या तक्रारीपुढे अजून ‘अंडर प्रोसेस’ लिहिलेलं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये त्याने आमचं जुनं डोमेन आणखी एक वर्ष वाढवलं. आता हूइजमध्ये 21 ऑगस्ट 2026 ही तारीख दिसते.